विश्लेषण : बाटलीत किती, रक्तात किती? भांगेपासून बनलेल्या औषधांचे मोजमाप इतके अवघड का?

भांगेच्या पानांचा, म्हणजे आयुर्वेदाच्या भाषेत विजयेचा अर्क असलेली तेले आणि गोळ्या आता वैद्यांच्या चिठ्ठीवर घरपोच मिळू लागल्या आहेत. जुनाट वेदना, निद्रानाश, केमोथेरपीनंतरची मळमळ यांसाठी रुग्ण त्या घेतात. मात्र एका थेंबातून नेमके किती औषध पोटात जाते आणि त्यातले किती रक्तात उतरते, हे रुग्णाला क्वचितच ठाऊक असते. अनेकदा औषध देणाऱ्यालाही ते सांगता येत नाही. हे मोजायचे कसे, त्यात चुका कुठे होतात आणि त्या चुकांची किंमत कोण मोजतो?

मोजायचे काय असते?

भांगेच्या झाडात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड्स आढळतात. औषधाच्या दृष्टीने त्यांतले दोन महत्त्वाचे. एक टीएचसी, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. नशा यामुळेच येते. वेदना आणि मळमळ कमी होते तीही बऱ्याच अंशी यामुळेच. दुसरे सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल. यामुळे नशा येत नाही, पण अपस्माराच्या काही दुर्धर प्रकारांत त्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे. इस्रायली रसायनशास्त्रज्ञ राफेल मेशुलम यांनी १९६३ मध्ये सीबीडीची रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी येहिएल गाओनी यांच्यासह टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. शरीर स्वतःच तयार करत असलेला तसाच एक रेणू मेशुलम यांच्या गटाला १९९२ मध्ये सापडला. त्याला ‘आनंदामाइड’ हे नाव देताना त्यांनी संस्कृतातला ‘आनंद’ उसना घेतला.

गांजा, भांग आणि चरस हे एकाच झाडाचे प्रकार. शेंडे फुलांसह घेतले की गांजा, पाने घेतली की भांग, राळ घेतली की चरस. तिन्हींतले टीएचसीचे प्रमाण वेगवेगळे असते. एवढेच नव्हे, तर एकाच शेतातल्या दोन झाडांत, एकाच झाडाच्या खालच्या आणि वरच्या फांद्यांतही ते सारखे नसते. म्हणूनच ‘भांग किती घेतली’ या प्रश्नाचे उत्तर ग्रॅममध्ये देऊन भागत नाही.

हा प्रश्न जुनाच आहे...

कोलकात्यात काम करणारे आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये भांगेच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले. धनुर्वाताच्या रुग्णांना आणि आकडी येणाऱ्या एका तान्ह्या बाळाला त्यांनी थेंबाथेंबाने हा अर्क दिला होता. त्यांच्यामुळे भारतीय भांग युरोपच्या औषधालयांत पोहोचली. पण एका बाटलीने गुण यावा आणि दुसरीने रुग्णाला भोवळ यावी, असे वारंवार होऊ लागले. कोणत्या घटकाने गुण येतो हेच माहीत नव्हते, त्यामुळे तो मोजण्याचाही प्रश्न नव्हता. मॉर्फिनसारखी शुद्ध, मोजून देता येणारी औषधे हाताशी आल्यावर डॉक्टरांनी या बेभरवशाच्या अर्काकडे पाठ फिरवली. पुढे कायदेही कडक झाले. १९३२ मध्ये ब्रिटिश आणि १९४२ मध्ये अमेरिकी औषधकोशातून भांग वगळली गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंब्रिजमधील रसायनशास्त्रज्ञांनी भारतीय चरसातून एक घटक वेगळा केला होता. पण तो टीएचसी नव्हता. ते होते कॅनाबिनॉल, म्हणजे हवा, उजेड आणि काळ यांच्या माऱ्याने टीएचसीचे जे होते ते. भारतातून इंग्लंडला पोहोचेपर्यंत माल जुना झाला होता, एवढाच त्याचा अर्थ. आजही जुन्या बाटलीत कॅनाबिनॉलचे प्रमाण वाढलेले दिसले, तर ती नीट साठवली गेली नाही किंवा फार दिवस पडून आहे असे प्रयोगशाळा ओळखते.

लेबलवरचा आकडा पुरेसा का नाही?

एक साधे गणित पाहू. समजा, ३० मिलिलिटरच्या बाटलीवर ‘विजया अर्क १५०० मिलिग्रॅम’ असे छापले आहे. एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब धरले, तर बाटलीत ६०० थेंब झाले आणि एका थेंबात अडीच मिलिग्रॅम अर्क आला. मात्र हे वजन अर्काचे आहे, औषधी घटकाचे नाही. अर्कात टीएचसी १० टक्के असेल, तर दहा थेंबांतून अडीच मिलिग्रॅम टीएचसी पोटात जाईल. तेच ६० टक्के असेल, तर १५ मिलिग्रॅम जाईल. कृत्रिम टीएचसी असलेले ड्रोनाबिनॉल हे औषध अमेरिकेत १९८५ पासून मान्यताप्राप्त आहे आणि त्याची सर्वांत लहान कॅप्सूल अडीच मिलिग्रॅमची असते. याचा अर्थ, छापील मजकूर तोच, थेंब तेवढेच, पण एका रुग्णाला सुरुवातीची सौम्य मात्रा मिळाली आणि दुसऱ्याला तिच्या सहापट. सत्तरीतल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीसाठी हा फरक रात्री उठताना तोल जाऊन पडण्याचा असू शकतो.

घटकाचा आकडा छापलेला असला, तरी तो खरा असेलच असे नाही. अमेरिकेतील संशोधकांनी ३१ कंपन्यांची सीबीडीयुक्त अशी ८४ उत्पादने ऑनलाइन मागवून तपासली. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. लेबलवरील आकड्याच्या दहा टक्के इकडेतिकडे, एवढी सूट देऊनही जेमतेम ३१ टक्के उत्पादने खरी उतरली. सुमारे ४३ टक्क्यांत लेबलपेक्षा जास्त सीबीडी होते, २६ टक्क्यांत कमी. त्याहून गंभीर बाब अशी, की ८४ पैकी १८ उत्पादनांत टीएचसीही सापडले. नशा न आणणारे औषध म्हणून जे मुलाला दिले जाते, त्यातच नशा आणणारा घटक निघावा, ही गोष्ट आईवडिलांनी चव घेऊन कळणारी नाही.

प्रयोगशाळेत नेमके काय होते?

ताज्या झाडात टीएचसी जवळपास नसतेच. असते ते टीएचसीए, म्हणजे त्याचे आम्लरूप, आणि त्याने नशा येत नाही. गांजा पेटवला, भाजला, किंवा पाने तुपात परतली की उष्णतेने या रेणूतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरते ते टीएचसी. निघून गेलेल्या वायूचेही वजन असते. त्यामुळे १०० मिलिग्रॅम टीएचसीएपासून जास्तीत जास्त ८७.७ मिलिग्रॅम टीएचसी मिळते. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘एकूण टीएचसी’ काढताना टीएचसीएला ०.८७७ ने गुणून त्यात मुळातले टीएचसी मिळवतात, ते यासाठी.

इथूनच गोंधळ सुरू होतो. मोजणीच्या दोन मुख्य पद्धती आहेत. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना यंत्रात शिरतानाच अडीचशे अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला वाफ होतो, म्हणजे आम्लरूपाचे टीएचसी यंत्रातच होऊन जाते. लिक्विड क्रोमॅटोग्राफीत नमुना तापत नाही, त्यामुळे दोन्ही रूपे वेगवेगळी मोजता येतात. एखाद्या फुलात २० टक्के टीएचसीए आणि एक टक्का टीएचसी असेल, तर पहिल्या यंत्राचा आकडा साडेअठरा टक्क्यांच्या आसपास येईल. दुसऱ्या यंत्राचा अहवाल अर्धवट वाचला, तर टीएचसी ‘एक टक्का’ दिसेल. खोटे कुणीच बोललेले नाही. प्रश्न एवढाच, की रुग्ण ते फूल तापवून घेणार आहे की न तापवता, आणि तेल बनवताना ते पुरेसे तापवले होते का.

दुसरी अडचण जुळ्या भावंडांची आहे. टीएचसी आणि सीबीडी या दोन्हींचे रासायनिक सूत्र एकच : कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे दोन अणू. रेणुभारही तोच, सुमारे ३१४. परवान्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी अमेरिकेत सीबीडीपासून बनवून विकले जाणारे ‘डेल्टा-८ टीएचसी’ही त्याच वजनाचे. मास स्पेक्ट्रोमीटर हे आजचे सर्वांत संवेदनशील यंत्र रेणूंना त्यांच्या वजनावरून आणि तुटलेल्या तुकड्यांवरून ओळखते. पण ही भावंडे मोडतातही बऱ्याच अंशी सारखीच. म्हणून यंत्रात शिरण्यापूर्वीच त्यांना क्रोमॅटोग्राफीच्या नळीत नीट वेगळे करावे लागते. ही पायरी घाईत उरकली, तर सीबीडीचा काही भाग टीएचसीच्या खात्यात जमा होतो.

तेलाचा त्रास वेगळाच. कॅनाबिनॉइड्स पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात. ठंडाईत भांगेबरोबर दूध आणि बदाम का, याचे उत्तर बऱ्याच अंशी यातच आहे. पण यंत्राला तेल चालत नाही. ते योग्य द्रावकात विरघळवून कित्येक पटींनी पातळ करावे लागते आणि प्रत्येक पातळीकरणात चुकीला थोडा वाव असतो. त्यातच हे रेणू प्लास्टिकच्या नळ्यांना आणि बाटल्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. नमुन्यात होते, पण यंत्रापर्यंत पोहोचलेच नाही, असे होते. यावरचा उतारा म्हणजे मोजणीच्या सुरुवातीलाच नमुन्यात टीएचसीचा ‘वजनदार जुळा’ ठरावीक मात्रेत घालणे. त्यात काही साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन असतो, म्हणून यंत्राला तो वेगळा ओळखू येतो. तो जेवढ्या प्रमाणात हरवला, तेवढ्याच प्रमाणात खरा रेणूही हरवला असे मानून हिशेब दुरुस्त करता येतो. ही मानके महाग असतात, आणि स्वस्त तपासणीत सर्वांत आधी कात्री लागते ती अशाच खर्चाला.

प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळतात का?

दर वेळी नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या सरकारी नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झाला. काही प्रयोगशाळा सातत्याने जास्त टीएचसी दाखवतात आणि काही सातत्याने कमी, असे त्यात आढळले. तिथल्या बाजारात जास्त टीएचसीच्या मालाला जास्त भाव मिळतो. उत्पादक साहजिकच जास्त आकडा देणाऱ्या प्रयोगशाळेकडे वळतो. तपासणीचे पैसे ज्याचा माल तपासायचा तोच देतो, ही व्यवस्था असेल तर यंत्र कितीही चांगले असून काय उपयोग? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, २०२० पासून प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवून त्यांची उत्तरे पडताळण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्याची पार्श्वभूमी हीच.

तिथल्या कृषी खात्याने हेम्पच्या पिकासाठी एकूण टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के ठेवली आहे आणि प्रयोगशाळेने मोजणीतील अनिश्चितताही सांगितलीच पाहिजे, असे बंधन घातले आहे. ०.३२ टक्के आकडा आला आणि अनिश्चितता ०.०५ असेल, तर पीक नष्ट करावे लागत नाही. शेतकऱ्याच्या उभ्या पिकाचा निर्णय दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकावर होत असेल, तर ही तरतूद सयुक्तिकच म्हणावी लागेल.

इटलीचे उदाहरण वेगळे का?

औषधी गांजाच्या मोजणीचा प्रश्न सर्वांत थेटपणे हाताळला तो इटलीने. तिथे डॉक्टरने चिठ्ठी दिली की औषधविक्रेता स्वतः आपल्या दुकानाच्या प्रयोगशाळेत वाळलेली फुले तापवून, ऑलिव्ह तेलात मुरवून, गाळून रुग्णासाठी तेल तयार करतो. आपल्याकडे वैद्य स्वतः काढा करून देत, त्याच जातीचे हे काम. फुले नेदरलँड्समधून येतात किंवा फ्लॉरेन्स येथील लष्कराच्या औषधनिर्मिती कारखान्यात पिकवलेली असतात. कारखान्यातल्या ‘एफएम-२’ या वाणात टीएचसी पाच ते आठ टक्के आणि सीबीडी साडेसात ते बारा टक्के असते. म्हणजे सरकारी देखरेखीखाली, बंद खोलीत वाढवलेल्या झाडातही वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. शिवाय एक औषधविक्रेता फुले किती वेळ तापवतो, दुसरा किती. तेलात किती वेळ ठेवतो. यावरून अंतिम तेलात फरक पडतो.

९ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाने तिथल्या आरोग्य मंत्रालयाने तेल बनवणाऱ्यांवर एक बंधन घातले. असे तयार केलेले तेल रुग्णाला देण्यापूर्वी त्यातील औषधी घटक मास स्पेक्ट्रोमेट्रीला जोडलेल्या क्रोमॅटोग्राफीसारख्या संवेदनशील आणि नेमक्या पद्धतीने मोजला पाहिजे. कारखान्यातल्या हजार बाटल्यांच्या तुकडीतली एक नव्हे, दुकानात तयार झालेल्या प्रत्येक घाण्याचा नमुना. औषधविक्रेत्यांना हे जाचक वाटले, कारण दरवेळच्या तपासणीचा खर्च शेवटी बाटलीच्या किमतीत येतो. तक्रार अगदीच चुकीची नव्हती. पण या बंधनाचा एक लाभ झाला. कोणत्या पद्धतीने बनवलेले तेल किती दिवस टिकते, कोणत्या पद्धतीत आम्लरूप तसेच राहून जाते, याची माहिती तिथल्या विद्यापीठांच्या आणि रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत जमत गेली. डॉक्टर आता थेंबांऐवजी मिलिग्रॅममध्ये बोलू शकतो.

बाटली मोजली, मग रक्त कशाला तपासायचे?

कारण बाटलीत जेवढे असते तेवढे रक्तात पोहोचत नाही. तोंडावाटे घेतलेल्या टीएचसी किंवा सीबीडीचा बराचसा भाग यकृतातच मोडतो. रक्तात पोहोचणारा हिस्सा बहुधा दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतो आणि तो जेवणावरही अवलंबून असतो. सीबीडीचे अमेरिकेत जून २०१८ मध्ये मान्य झालेले ‘एपिडिओलेक्स’ हे औषध भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर घेतले, तर रक्तातील त्याची कमाल पातळी पाचपट होते, असे त्याच्या अधिकृत माहितीपत्रकातच नमूद आहे. एकादशीला उपाशीपोटी घेतलेला थेंब आणि पुरणपोळीवर तुपाची धार धरून घेतलेला थेंब, यांत एवढे अंतर पडू शकते.

हे औषध लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्रॅव्हे या बालपणीच सुरू होणाऱ्या अपस्मारांसाठी आहे. त्याची मात्रा वजनावर ठरते : दिवसाला किलोमागे पाच मिलिग्रॅमपासून सुरुवात, पुढे या दोन आजारांत जास्तीत जास्त २०. म्हणजे २० किलो वजनाच्या मुलाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत. वरच्या उदाहरणातील १५०० मिलिग्रॅमची बाटली, आणि ती सगळी सीबीडीची आहे असे धरले तरी, या मुलाला चार दिवसही पुरणार नाही. चाचण्यांत सिद्ध झालेला गुण आणि बाजारातल्या थेंबांकडून केलेली अपेक्षा, यांतली ही दरी जाहिरातींत कुठे दिसत नाही.

दुसरे कारण इतर औषधांशी होणारी गुंतागुंत. आकडी थांबवण्यासाठी दिले जाणारे क्लोबझाम हे औषध भारतातही सर्रास वापरले जाते. सीबीडी यकृतातील एका विकराला अडवते. त्यामुळे क्लोबझामपासून शरीरात बनणाऱ्या सक्रिय घटकाची रक्तातील पातळी सुमारे तिप्पट होते. मूल सतत पेंगत असेल, तर तो सीबीडीचा गुण की क्लोबझामचा अतिरेक, हे डोळ्यांनी पाहून ठरवता येत नाही. व्हॅल्प्रोएट सुरू असेल, तर यकृताच्या चाचण्यांवर लक्ष ठेवावे लागते. भारतातल्या पालकांनी डॉक्टरांना न सांगता सीबीडीचे तेल सुरू केले, तर सर्वांत मोठा धोका इथे आहे.

रक्तातील मोजणी बाटलीतल्यापेक्षा कितीतरी कठीण असते. बाटलीत मिलिलिटरमागे मिलिग्रॅम असतात, रक्तात नॅनोग्रॅम, म्हणजे दहा लाख पटींनी कमी. तेही टीएचसी एकटे नसते. यकृत त्याचे आधी ११-हायड्रॉक्सी-टीएचसी करते, जे स्वतःही नशा आणते, आणि मग टीएचसी-सीओओएच, जे काहीच करत नाही. टीएचसी तोंडावाटे घेतले की यांतल्या पहिल्याचे प्रमाण धूम्रपानापेक्षा जास्त असते. म्हणून रुग्णाच्या रक्तात केवळ टीएचसी मोजून भागत नाही, निदान हे तिन्ही एकत्र पाहावे लागतात. आणि एवढे करूनही डॉक्टरच्या हाती एक गोष्ट नसते. लिथियम किंवा फेनिटॉइनची रक्तातील पातळी अमुक ते अमुक असावी, असे कोष्टक आहे. टीएचसी किंवा सीबीडीसाठी असे सर्वमान्य कोष्टक अजून तयार झालेले नाही. त्यामुळे एका रुग्णाचा अहवाल दुसऱ्याशी नव्हे, त्याच रुग्णाच्या मागच्या अहवालाशीच ताडून पाहणे योग्य.

लघवीच्या तपासणीत अडकलेला रुग्ण?

लघवीत मोजले जाते ते मुख्यतः टीएचसी-सीओओएच, म्हणजे निरुपयोगी झालेला अवशेष. टीएचसी चरबीत साठते आणि हळूहळू बाहेर पडते. रोज घेणाऱ्याच्या लघवीत ते थांबवल्यावरही काही आठवडे सापडू शकते. याचा अर्थ, ही तपासणी ‘कधीतरी शरीरात गेले होते’ एवढेच सांगते. ‘आत्ता अंमल आहे’ हे ती सांगत नाही.

अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या तपासणीत प्राथमिक चाचणीची मर्यादा मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम आणि खातरजमेची १५ आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, खेळाडूंसाठी हीच मर्यादा २०१३ मध्ये १५ वरून १५० केली. रेणू तोच, लघवी तीच. दहापट फरक रसायनशास्त्राने पाडलेला नाही, धोरणाने पाडला आहे. सीबीडी तर वाडाने २०१८ पासून बंदीच्या यादीतूनच काढले. पण केवळ सीबीडी घेणाऱ्याच्या बाटलीत थोडे टीएचसी असेल, तर तो अडकतोच. शिवाय नमुना तयार करताना वापरल्या जाणाऱ्या काही रसायनांच्या संपर्कात सीबीडीचे टीएचसी होते, हे माहीत असल्याने तपासणी करणाऱ्याने रसायन काळजीपूर्वक निवडावे लागते.

वाहन चालवण्याच्या मर्यादांत आणखी एक मेख आहे. ब्रिटनमध्ये टीएचसीची मर्यादा रक्ताच्या मिलिलिटरला दोन नॅनोग्रॅम आहे. जर्मनीने ऑगस्ट २०२४ मध्ये ती साडेतीन केली. वरवर पाहता जर्मनी सैल दिसते. पण ब्रिटन अख्खे रक्त मोजते आणि जर्मनी रक्तपेशी काढून टाकल्यावर उरणारा द्रव, सीरम. टीएचसी तांबड्या पेशींत फारसे शिरत नाही, त्यामुळे सीरममधला आकडा अख्ख्या रक्तातल्या आकड्याच्या साधारण दीड ते दोन पट येतो. हिशेब केला की दोन्ही देश जवळपास एकाच ठिकाणी उभे असल्याचे दिसते. अहवालावर ‘रक्त’ की ‘सीरम’ हा शब्द वाचला नाही, तर एकाच माणसाला एका देशात निर्दोष आणि दुसऱ्या देशात दोषी ठरवता येईल.

भारतातील कायदा काय पाहतो?

भारतीय कायदा झाडाचा भाग पाहतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या व्याख्येत चरस आणि गांजा येतात. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया येत नाहीत. विजयेची औषधे याच फटीतून कायदेशीर ठरतात. पण पानातही टीएचसी असते, आणि अर्क काढून आटवला की ते एकवटते. ‘पानांपासून बनवलेले’ हे शब्द कायद्याला पुरतात, मात्रेबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

फौजदारी प्रकरणांत वजन महत्त्वाचे. गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प’, २० किलोपासून ‘व्यावसायिक’. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हीरा सिंग प्रकरणात स्पष्ट केले, की मिश्रणातल्या शुद्ध अमली घटकाचे नव्हे, संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे. तस्करी रोखण्याच्या दृष्टीने त्यामागे तर्क आहे. परिणाम मात्र असा, की न्यायालयाला गांजातील टीएचसी किती हे सहसा विचारावेच लागत नाही. मग न्यायवैद्यक प्रयोगशाळेलाही ‘गांजा आहे की नाही’ एवढेच सांगून थांबता येते. देशात मोजणीची सवय वाढायला जी मागणी लागते, ती कायद्यातून येत नाही.

अन्नाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. हेम्पच्या बियांना अन्न म्हणून मान्यता देताना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये आकडे ठरवले : बियांत किलोला पाच मिलिग्रॅम टीएचसी, तेलात दहा, पेयांत ०.२. औषधांवर या मर्यादा लागू होत नाहीत. आयुर्वेदिक औषधांच्या नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या ‘ई-१’ अनुसूचीत आहे आणि अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ असा इशारा छापणे बंधनकारक आहे. परंतु वैद्याने देखरेख करायची तर त्याला मिलिग्रॅम माहीत हवेत. खाण्याच्या बियांतल्या लवलेशाचा आकडा ठरलेला आणि औषधाच्या बाटलीतला शोधावा लागतो, ही विसंगती लपण्यासारखी नाही.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले होते. जम्मू येथील सीएसआयआरच्या संस्थेत औषधी गांजावर संशोधन सुरू आहे. उत्तराखंडने कमी टीएचसीच्या हेम्पच्या लागवडीची वाट खुली केली आहे. ०.३ टक्के ही सीमा पाळली जाते की नाही, हे शेवटी प्रयोगशाळाच सांगणार.

रुग्णाने काय विचारावे?

बाटलीवर घाण्याचा किंवा तुकडीचा क्रमांक आहे का आणि त्याच क्रमांकाचा तपासणी अहवाल मिळतो का, हे पहिले. अहवाल एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा असावा आणि त्या मान्यतेत ही विशिष्ट चाचणी असावी; पाण्याच्या तपासणीची मान्यता इथे चालत नाही. त्यात टीएचसी, सीबीडी आणि त्यांची आम्लरूपे मिलिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये वेगवेगळी लिहिलेली हवीत. जड धातू आणि कीटकनाशकांची तपासणीही पाहावी, कारण हे झाड जमिनीतले धातू शोषून घेण्यात तरबेज आहे. सुरू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही सांगावे. बाटली उजेडात, गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नये.

एका प्रश्नाचे उत्तर मात्र दुकानात मिळणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम हा आकडा आहे. अमली पदार्थांसाठी ‘वाहनावर नीट नियंत्रण ठेवता येणार नाही इतका अंमल’ एवढीच शब्दरचना आहे. हवाई क्षेत्रात डीजीसीएने २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अचानक तपासणी सुरू केली असून तपासल्या जाणाऱ्या पदार्थांत गांजाही आहे. वैद्याच्या चिठ्ठीवर, कायद्याने मान्य असलेले विजयेचे तेल रात्री झोपण्यापूर्वी घेणारा टॅक्सीचालक दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी थांबवला, तर त्याच्या रक्तातील कोणता आकडा निर्दोष मानायचा, हे भारतात अद्याप कोणीही लिहून ठेवलेले नाही.